मदत हवी आहे : नोल्डे यांच्या नर्तिकांसारखा काष्ठठसा कोरण्यासाठी कोणते लाकूड घ्यावे?

सर्वांना नमस्कार.

मेणबत्त्यांच्या उजेडात बेभान नाचणाऱ्या स्त्रियांचे तैलचित्र जर्मन चित्रकार एमिल नोल्डे यांनी १९१२ साली रंगवले आणि १९१७ साली तोच विषय काष्ठठशात, म्हणजे लाकडी फळी कोरून तिच्यावरून घेतलेल्या छापात, उतरवला. चित्रातला लाल-पिवळ्या रंगांचा जाळ ठशात केवळ काळ्या-पांढऱ्याच्या झटापटीतून उभा राहतो, म्हणूनच मला तो ठसा अधिक भिडतो. १९०५ साली ड्रेस्डेनमध्ये स्थापन झालेल्या 'डी ब्रुके' या चित्रकारांच्या गटात नोल्डे काही काळ होते. या मंडळींनी लाकडाचा खडबडीतपणा लपवला नाही, तर तोच बोलका केला.

त्याच पद्धतीने नर्तिकेचा एक ठसा कोरण्याचा माझा प्रयत्न गेले दोन महिने चालू आहे. काष्ठठशात न कोरलेल्या भागालाच शाई लागत असल्यामुळे ज्योत पांढरी राहण्यासाठी तेवढे लाकूड काढावे लागते. परंतु प्लायवूडवर लाकडाच्या तंतूंना आडवी पटाशी चालवली की वरचा पापुद्रा उचकटतो आणि ज्योतीच्या टोकाशेजारची काळी कडच ढलपीबरोबर निघून येते. घागऱ्याच्या घेराची वळणेही त्यामुळे तुटक झाली आहेत.

सागवान, शिवण किंवा देवदार यांपैकी कशावर कोणी काम केले आहे का? लाकडाच्या तंतूंच्या रेषा छापात उमटाव्यात, पण कडा फुटू नयेत, असे लाकूड मला हवे आहे. फळी किती जाडीची घ्यावी आणि पटाशीला धार कशी लावावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.