रिव्हर्स थ्रस्टला मराठीत काय म्हणाल?

खिडकीची सीट
मुलांसाठीच्या विमानाच्या पुस्तकाचं भाषांतर करतेय. 'धावपट्टीला चाकं टेकताच पायलटने रिव्हर्स थ्रस्ट दिला आणि ब्रेक लावले' इथे गाडं अडलंय. (रिव्हर्स थ्रस्ट म्हणजे उतरल्यावर वेग कमी करायला इंजिनाचा जोर उलट दिशेने लावणं.) मी 'इंजिनं उलटी फिरवली' लिहिलं तर संपादकबाईंनी लाल रेघ मारली, वर 'ब्रेक' काढून स्वतःच 'गतिरोधक' घातलं. गतिरोधक म्हटलं की मला सोसायटीच्या गेटपुढचा उंचवटा दिसतो हो! शुक्रवारी फाइल द्यायचीय, सुचवा काहीतरी.

हँगरवाला
ताई, लाल रेघ बरोबर आहे. जेट इंजिन उलटं फिरत नाही, पंखा त्याच दिशेने गरगरत असतो. कव्हरचा मागचा भाग मागे सरकतो, आतली झापडं हवेची वाट अडवतात आणि पंख्याची हवा जाळीतून तिरकी पुढे फेकली जाते. पंखाजवळच्या खिडकीतून बघा, इंजिनाला मध्येच फट पडल्यासारखी दिसते. टॉर्च मारून त्या जाळ्या तपासण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

शुद्धलेखन शिपाई
'प्रतिनोदन'. नुद् म्हणजे ढकलणे, सरळ आहे. 'महापौर' पण आधी कानाला खटकलाच असेल की.

घाटमाथा
प्रतिनोदन?? तहसीलदार कचेरीतून पत्र आल्यासारखं वाटलं. 'उलटा रेटा' म्हणा. आजोबांची बैलगाडी भरून उताराला लागली की बैल मागे रेटून धरायचे, अंगावर येणारी गाडी तशी थोपवायची. तोच रेटा.

शुद्धलेखन शिपाई
रेटा गर्दीचा असतो. नाहीतर खोटं बोल पण रेटून बोल. विमानाला कसला रेटा?

तांडेल
आमच्याकडे लाँच जेटीला लावताना सारंग 'अस्टर्न' मारतो. पंखा खरोखर उलटा फिरतो, मागे पाणी नुसतं फेसाळतं. म्हणजे पोरीचं 'उलटी फिरवली' पाण्यात तरी बरोबरच. अस्टर्न हा शब्द मला वाटतं 'अस्त'वरून आला, सूर्य मागे जातो तसं.

घाटमाथा
काका, इंग्रजी आहे तो! स्टर्न म्हणजे बोटीची मागची बाजू.

तांडेल
असेल. आमच्या आज्याला इंग्रजी येत नव्हतं, तो अस्टर्नच म्हणायचा.

हँगरवाला
शब्द कुठलाही घ्या पण मुलांना असं वाटू देऊ नका की विमान रिव्हर्सच्या त्या मोठ्या आवाजानेच थांबतं. मुख्य काम चाकांच्या ब्रेकचं. टेकल्यावर पंखांवरच्या फळ्या उभ्या राहतात, लिफ्ट म्हणजे पंखांची वर उचलणारी ताकद मरते, वजन चाकांवर येतं आणि मग ब्रेक धरतात. कोरड्या धावपट्टीवर किती अंतर लागेल ते काढताना रिव्हर्स सहसा हिशोबात धरतच नाहीत. ऑटोब्रेक, म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक, असला तर तो वेग ठरलेल्या दरानेच कमी करतो, त्यामुळे रिव्हर्स दिला म्हणून विमान आधी थांबेल असं नाही, ब्रेक कमी तापतात एवढंच. पावसात धावपट्टीवर पाणी असलं आणि चाकं धरेनाशी झाली की मात्र रिव्हर्सची किंमत कळते. एअरबसच्या ए३८० या मोठ्या विमानाला तर ४ पैकी आतल्या २ इंजिनांनाच रिव्हर्स असतो. वेग ६०-७० नॉटवर (ताशी ११०-१३० किमी) आला की तो कमी करतात, नाहीतर आपणच उडवलेली खडी आपलंच इंजिन गिळायचं.

घाटमाथा
मग पायलट ब्रेक 'लावतो' का 'दाबतो'? आमच्या एसटीचे ड्रायव्हर 'मारतात'.

हँगरवाला
पायाने करायचं तर चवड्यांनी दाबतो, रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलचा वरचा भाग. पण ऑटोब्रेक उतरायच्या आधीच 'लावून' ठेवलेला असतो, तो 'लागतो' चाकं टेकल्यावर.

खिडकीची सीट
अय्या, हे भारी आहे! म्हणजे 'ब्रेक लागले' लिहिते. गतिरोधक गेला. पण रिव्हर्स थ्रस्टचं काय?

तांडेल
अस्टर्न लिही पोरी.

शुद्धलेखन शिपाई
एवढी चर्चा झाली आणि मूळ वाक्यातला 'पायलट' कोणालाच टोचला नाही? वैमानिक!

घाटमाथा
झालं, आता हे सुरू.