कामगारांच्या घरांसाठीचा फंड: पीएफचे पैसे घालावेत का?

सातपूरकर: नाशिकच्या अंबडला कारखान्यात लेथवर जन्म गेला, आता रिटायर. पीएफचे १८ लाख बँकेत आहेत. पुतण्याच्या ओळखीतला एजंट म्हणतो, "काका, परवडणाऱ्या घरांच्या फंडात टाका, पाथर्डी फाट्याकडे स्वस्त घरं होतील, तुम्हाला १४ टक्के पक्के." आमच्याकडची हेल्पर पोरं एका खोलीत चौघं राहतात, म्हणून मन ओढतंय. कुणाला माहिती?

हिशेबनीस: काका, थांबा. असे फंड सेबीकडे (शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एआयएफ, म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंड, म्हणून नोंदलेले असतात आणि त्यात बाहेरच्या, म्हणजे फंडात नोकरीला नसलेल्या, माणसाची किमान गुंतवणूक १ कोटी. मग १८ लाखांत तुम्हाला कसं घेतोय? शिवाय 'पक्के' परतावे कुठलाच एआयएफ देऊ शकत नाही. नोंदणी क्रमांक मागा, सेबीच्या साइटवर पडताळा. केंद्राचा २०१९चा स्वामीह फंड रखडलेले प्रकल्प पुरे करायला पैसे देतो, पण त्यात पैसा सरकार, एलआयसी, स्टेट बँक अशांचा.

पंचवटीकर ताई: तुम्हाला १४ द्यायचे तर बिल्डरकडून त्याहून जास्त घेणार. ते घराच्याच किमतीत चढणार ना? मग हेल्परला कुठलं परवडतंय!

सातपूरकर: नंबर मागितला, तर "काका, विश्वास नाही का?" नाहीच म्हटलं. पण पोरांचं काय?

हिशेबनीस: त्यांना पंतप्रधान आवास योजना शहरी २.० सांगा. घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान, जास्तीत जास्त १.८० लाख. देशात कुठेही पक्कं घर नसावं, ही अट. गावचं घर नावावर असेल तर अडेल, तेवढं आधी विचारा.