मदत हवी आहे: रॅपच्या जुन्या कॅसेटला बुरशी लागलीय
मंडळी, शाळेत असल्यापासून ज्याचा रॅप पाठ करत आलो त्याचं इतक्या वर्षांनी कमबॅक गाणं आलं, रत्नागिरीहून मालवणला येताना एसटीत तीनदा ऐकलं आणि खरंच वाईट वाटलं, नुसता ऑटोट्यून (सॉफ्टवेअरने सूर नीट केलेला आवाज), श्वास कुठे घेतो तेच कळत नाही, पूर्वी तो श्वास ऐकूनच तर मी ओळी पकडायचो. घरी येऊन पेटीतली त्याच्या रॅपची जुनी सी-90 कॅसेट काढली (एका बाजूला 45 मिनिटं), तर आमच्याकडच्या दमट हवेने टेपच्या कडेला पांढरी बुरशी. तशीच लावली तर टेपरेकॉर्डरचं हेड (टेप वाचणारा भाग) खराब होईल ना? साफ कशी करू? टेपरेकॉर्डरच्या हेडफोन सॉकेटमधून लॅपटॉपला वायर जोडून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायचा विचार आहे. कुडाळ-कणकवलीकडे कोणी करून देत असेल तर प्लीज सांगा, मला तो आवाज परत हवाय.