टेनेसीच्या टीमला एवढी घाई कशाची असते? (अमेरिकन फुटबॉल)

नवा_नॉक्सव्हिलकर
नमस्कार मंडळी, मागच्या ऑगस्टपासून नॉक्सव्हिलला आहे, मास्टर्स चालू आहे. रूममेटच्या नादाने टेनेसी युनिव्हर्सिटीच्या मॅच बघायला लागलो आणि आता शनिवार आला की अभ्यासात लक्षच लागत नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात शिरत नाहीये. बाकीच्या टीम एक प्ले (म्हणजे एक चाल) झाला की जरा दम खातात, आपले लोक मात्र शिट्टी वाजली रे वाजली की पळत जाऊन लाइनवर उभे. परवा तीन पास लागोपाठ हुकले, मिनिटभरात पंट (लाथ मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकला), आणि डिफेन्सवाले आत्ता कुठे पाण्याची बाटली तोंडाला लावत होते ते परत मैदानात. अशाने आपलेच लोक दमणार ना? पुढचा प्ले सुरू करायला प्ले क्लॉकचे 40 सेकंद मिळतात तर वापरत का नाहीत? हे ह्युपेल कोचनी आणलं का आधीपासून आहे?

ऑरेंज_काका
ह्युपेल 2021 ला आले तेव्हापासूनच. त्याआधीच्या 2020 च्या सीझनला 10 पैकी 3 मॅच जिंकलो होतो, आठवलं तरी नको वाटतं.
आता घाईचं. लोकांना वाटतं जोरात पळणं म्हणजे टेम्पो (खेळाचा वेग), तसं नाहीये. ऑफेन्सने (बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांनी) खेळाडू बदलला तर डिफेन्सलाही बदलायला वेळ द्यावा लागतो, पंच चक्क बॉलवर उभा राहून स्नॅप (बॉल मागे देऊन प्ले सुरू करणं) अडवतो. पण ऑफेन्सने कोणालाच बदललं नाही तर डिफेन्ससाठी कोणी थांबत नाही. मग ते सव्वाशे-दीडशे किलोचे लाइनवाले, जे एरवी आलटून पालटून खेळतात, ते आतच अडकतात आणि सहाव्या-सातव्या प्लेला कमरेवर हात ठेवून उभे असतात. शिवाय त्यांच्या कोचचा इशारा पोचायच्या आत स्नॅप होतो, त्यामुळे त्यांना साधंसोपंच काहीतरी खेळावं लागतं. जडेजा ओव्हर कसा भराभर उरकतो, बॅट्समनला विचार करायला सवडच देत नाही, तसंच समज. त्यात आपले रिसीव्हर (पास पकडणारे) पार साइडलाइनला चिकटून उभे राहतात, म्हणजे मधलं मैदान मोकळं.
15 ऑक्टोबर 2022, अलाबामा, 52-49. त्यांच्याविरुद्ध 15 वर्षं सलग हरलो होतो. आपल्या रिसीव्हर हायटने एकट्याने 5 टचडाउन केले. मी पाणी आणायला उठलो तेवढ्यात दोन प्ले होऊन गेले होते, त्यानंतर मॅच संपेपर्यंत जागचा हललो नाही. रात्री पोरांनी गोलपोस्ट उपटून नदीत नेऊन टाकला.

युजीनची_ताई
काका, आमच्या ऑरेगॉनचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा कसा होईल :) चिप केली 2009 ते 2012 इथे हेड कोच होते, 46 जिंकल्या आणि 7 हरल्या. साइडलाइनवर चार-चार चित्रांचे मोठे बोर्ड धरायचे, त्यावरून प्ले कळायचा, हडल (गोल करून प्ले ठरवणं) करायची गरजच नाही. पण खरं काम आठवडाभराच्या प्रॅक्टिसमध्ये व्हायचं. मोठ्याने गाणी लावलेली, एक प्ले संपला की लगेच दुसरा, चूक समजावायला मध्ये थांबणं नाही, ते नंतर व्हिडिओ बघताना. फक्त मॅचच्या दिवशी घाई करणाऱ्या टीमचा विचका होतो. अलाबामाचे तेव्हाचे कोच सेबन यांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता, 2012 मध्ये त्यांनी उघड विचारलं होतं की फुटबॉल असंच व्हावं असं आपल्याला वाटतं का. 2014 ला तर पहिले 10 सेकंद स्नॅपच करायचा नाही असा नियम सुचवला गेला, मग मागे घेतला. आणि त्याच वर्षी सेबननी ऑफेन्सचे कोच म्हणून लेन किफिनना आणलं नि स्वतःचा ऑफेन्स वेगवान केला!

डिफेन्सप्रेमी
नव्या भावा, तुझी शंका बरोबर आहे, काका ती बाजू सांगत नाहीयेत. 2021 ची केंटकीची मॅच काढून बघ, 60 मिनिटांपैकी बॉल आपल्याकडे जेमतेम 14 मिनिटं, 45-42 ने वाचलो. डिफेन्सचे किती हाल झाले असतील त्या दिवशी! आणि 2022 ला जॉर्जियाकडे गेलो तेव्हा प्रेक्षकांच्या आवाजात आपल्याच लोकांना काही ऐकू येईना, फॉल्स स्टार्टवर फॉल्स स्टार्ट (स्नॅपच्या आधीच हलणं), 27-13 ने हरलो. फर्स्ट डाउन (चार प्लेत 10 यार्ड पुढे गेलं की मिळणारे नवे चार प्ले) मिळत असेल तर वेग हे हत्यार, नाहीतर तोच आपल्यावर उलटतो. माझं मत स्पष्ट आहे, पहिला फर्स्ट डाउन मिळेपर्यंत सावकाश खेळा, मग सोडा गाडी. समोरचे मुद्दाम लागल्याचं नाटक करून खेळ थांबवायचे तेही होतंच, पण 2025 पासून बॉल पुढच्या प्लेसाठी ठेवल्यावर कोणी असा खाली बसला तर त्याच्या टीमचा एक टाइमआउट जातो, हे फार चांगलं केलं.

सेंटरची_आई
माझा मुलगा ओहायोत हायस्कूलला सेंटर (स्नॅप करणारा) खेळतो, त्यांच्या कोचनी गेल्या वर्षी हेच सुरू केलं. पहिल्या दिवशी काय शिकवलं माहितीये? बॉल जमिनीवर टाकायचा नाही, फेकायचा नाही, पळत जाऊन पंचाच्या हातात द्यायचा. कारण पंच बॉल ठेवत नाही तोवर स्नॅप नाही, घरंगळलेला बॉल आणण्यात गेलेले पाच सेकंद डिफेन्सला फुकट मिळतात. आता टीव्हीवर टेनेसीची मॅच लागली की तो बॉलच्या मागे न जाता फक्त हेच बघत बसतो, बॉल कोणी कोणाला दिला. पहिल्या महिन्यात पोरगं घरी येऊन जेवताजेवता झोपायचं, मला फार वाईट वाटायचं, पण ऑक्टोबरपर्यंत चौथ्या क्वार्टरला समोरची मुलं वाकलेली आणि हा उभा.

नवा_नॉक्सव्हिलकर
ताई, हे बॉल पंचाच्या हातात द्यायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आत्ता जुने हायलाइट लावले तर खरंच प्रत्येक जण देतोय! काका, पुढच्या होम मॅचला तुम्ही नेलँड स्टेडियमला असाल तर सांगा, मी विद्यार्थ्यांच्या बाजूला असतो, हाफटाइमला येऊन भेटतो.