गुलशन कुमारांची वाट आपल्या भजनी मंडळांनी धरावी का?

पांढरी_चार:
धरावीच. दिल्लीच्या दर्यागंजात फळांचा रस विकणाऱ्याच्या मुलाने, म्हणजे गुलशन कुमारांनी, 1983 मध्ये सुपर कॅसेट्स ही कंपनी (आताची टी-सीरीज) काढली आणि कॅसेट पानटपरीवर, वाण्याच्या दुकानात नेऊन ठेवली. कारवारात जन्मलेल्या अनुराधा पौडवालांचा आवाज उत्तरेतल्या देवघरांत शिरला तो असाच. आपल्या गोव्यातल्या फोंडा-डिचोलीतलं सप्ताहाचं गाणं मात्र फोनमध्ये पडून राहतं. मंडळांनी मिळून लेबल, म्हणजे गाणी काढणारी आपली कंपनी, काढावी, जत्रेच्या फेरीत (बाजारात) पेन ड्राइव्ह स्वस्तात विकावेत.

घुमट:
बाब, त्या स्वस्ताईने नादच खाल्ला. 16 पट वेगाने कॅसेटच्या प्रती काढल्या की टाळांतला 10 हजार हर्ट्झचा स्वर 1 लाख 60 हजारांवर जातो. टेपवर नाद उमटवणारं हेड केसभर तिरकं असलं तरी तो पुसला जातो, उरते नुसती खसखस. हलक्या टेपची तपकिरी भुकटी हेडवर बसते ती वेगळीच. शिवाय धंदा उभा राहिला जुन्या गाण्यांवर नवे गळे चढवून. नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची, झालं. मूळ गायकाच्या हाती काय आलं?

आवर्तन:
ती सोय आता लहान लेबलला परवडत नाही. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षापुढे 5 वर्षं थांबावं लागतं, आणि कमी ठरवून मिळाली नाही तर दरवर्षी किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी. आणखी एक घोळ नेहमी होतो: तुकोबांचे शब्द मोकळे, चाल मोकळी नव्हे. संगीतकार श्रीनिवास खळे 2011 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवर 2071 अखेरपर्यंत हक्क आहे. पारंपरिक चाल घ्या, नाहीतर आपल्याच पेटीवाल्याकडून बांधून घ्या. त्याच्याशी केलेल्या करारात मुदत आणि प्रदेश लिहाच. लिहिलं नाही तर कायदा 5 वर्षं आणि फक्त भारत धरतो, मग लिस्बनमध्ये बसून ऐकणाऱ्या गोंयकाराचं काय?

पांढरी_चार:
करार मान्य. नादाचं दुखणं टेपचं होतं, स्वस्ताईचं नव्हे. आज प्रत काढताना काही झडत नाही, बिघडतं ते देवळाच्या चौकात. टाळकरी माइकपासून 3-4 मीटर मागे बसवा, पखवाजाच्या दोन्ही पुड्यांना वेगळा माइक द्या, रेकॉर्डिंगची पातळी उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

घुमट:
माइक लावाल तसे लावा. पण गायकाला एकरकमी पैसे देऊन वाटेला लावणार असाल तर माझा विरोध कायम. कलाकाराचा हक्क 50 वर्षांचा असतो. पखवाजी आणि टाळकऱ्यांची नावंही वाट्यासकट करारात हवीत, आणि तीसुद्धा ध्वनिमुद्रणाच्या आधी.