जुन्या सिव्हिक ऑटोमॅटिकमध्ये नेमके कोणते एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) आहे, हे कसे ओळखावे?

खंबाटकीकर (प्रश्न)

दोन महिन्यांपूर्वी मी २००८ सालची, १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची होंडा सिव्हिक ऑटोमॅटिक सेकंडहँड घेतली. गाडी १,१२,००० किलोमीटर चालली आहे. आधीच्या मालकाने इंजिन ऑइलच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत, पण गिअरबॉक्सचे ऑइल कधी बदलले याचा एकही कागद नाही. सपाट रस्त्यावर साठ-पासष्टच्या वेगाने ॲक्सिलरेटर हलका दाबून ठेवला की गाडी दोन-तीन सेकंद थरथरते, अगदी रम्बलरवरून गेल्यासारखी. घराजवळच्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) काढली, पातळी कमी असल्याचे सांगितले आणि अर्धा लिटर लाल ऑइल ओतले. डब्यावर ‘डेक्सरॉन-३’ असे लिहिले होते. गाडीला हेच चालते का, असे विचारल्यावर ‘एटीएफ म्हणजे एटीएफ, सगळे लालच असते’ असे उत्तर मिळाले. थरथर गेली नाहीच, उलट आता गिअर पडताना हिसकाही बसतो. आत काय आहे हे रंगावरून कळते का? मशिनने फ्लशिंग (सगळे जुने ऑइल एकदम बाहेर ढकलून नवे भरणे) करून घ्यावे का? आणि इतक्या जुन्या गाडीचे ऑइल बदलले की गिअरबॉक्स कायमचा बसतो, असे जे म्हणतात त्यात कितपत तथ्य आहे?

पान्हेवाला

ऑइलच्या प्रकाराआधी पातळीकडे पाहावे, कारण आपल्या प्रश्नातले ‘इंजिन चालू ठेवूनच’ हे शब्द मला खटकले. बऱ्याच कंपन्यांच्या ऑटोमॅटिक गाड्यांची पातळी इंजिन चालू ठेवून पाहतात, पण होंडाच्या या गिअरबॉक्सची रीत वेगळी आहे: रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन तापवायचे, गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करायचे आणि त्यानंतर ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक पाहायची. इंजिन चालू असताना पंपाने ऑइल वर खेचलेले असते, म्हणून पातळी कमी भासते. आपल्या गाडीत मुळात पातळी बरोबर असताना वर अर्धा लिटर पडले असावे, असा माझा कयास आहे. जादा ऑइल फिरत्या भागांनी घुसळले जाऊन फेसाळते आणि फेसाळलेल्या ऑइलने दाब नीट धरला जात नाही. नव्याने बसू लागलेला हिसका त्याचाच असू शकेल.

आता रंगाविषयी. लाल रंग हा निव्वळ मिसळलेला रंग आहे. गाडीखाली थेंब दिसला तर तो इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा, हे पटकन कळावे एवढाच त्याचा उपयोग. रंगावरून आणि वासावरून ऑइलची अवस्था कळते, प्रकार कळत नाही. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून पाहावा: तांबूस पसरला तर ठीक, तपकिरी असेल तर जुने झाले आहे, आणि काळा डाग पडून करपल्यासारखा वास आला तर क्लच प्लेटा झिजल्या आहेत असे समजावे. प्रकार ठरतो तो गिअरबॉक्सवरून. आपल्या गाडीला मुळात होंडाचे झेड-१ लागत असे; त्याची जागा पुढे डीडब्ल्यू-१ ने घेतली आणि ते जुन्या गाड्यांतही चालते. डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचे मानक आहे आणि डेक्सरॉन-३ चे परवाने त्या कंपनीने २००६ अखेर बंद केले, त्यामुळे आजच्या डब्यावरचे ते नाव म्हणजे डबा भरणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. दोन ऑइलमधला खरा फरक घर्षण सुधारणाऱ्या मिश्रणात असतो (१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी चक्क स्पर्म व्हेलचे तेल वापरत). ते मिश्रण जुळले नाही किंवा जुने होऊन संपले की टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच, म्हणजे दोन्ही थेट जोडणारा क्लच, एकदम न धरता धर-सोड करतो. आपण सांगता ती थरथर बहुधा हीच.

नाशिकचा_जुना_गडी

वरील उत्तराशी सहमत आहे. दुसऱ्या गाडीचा अनुभव वाचून ऑइल मागवू नये, एवढेच जोडतो. २००८ पूर्वीच्या सिटी झेडएक्सची ऑटोमॅटिक ही सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारी) आहे, तिला हे एटीएफ अजिबात चालत नाही. शिवाय ड्रेन प्लग (ऑइल काढण्याचा खालचा बोल्ट) नीट ओळखावा. गिअरबॉक्सच्या प्लगला ३/८ इंची चौकोनी खाच असते, रॅचेटचे टोक थेट त्यात बसते. इंजिनाच्या प्लगला पाना लागतो. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचे इंजिन ऑइल बदलताना भलताच प्लग खोलला गेला. गिअरबॉक्स रिकामा झाला आणि इंजिनात दुप्पट ऑइल पडले. वाहत्या ऑइलचा लाल रंग मला दिसला म्हणून वेळीच थांबवता आले.

पान्हेवाला

फ्लशिंगच्या मी विरोधात आहे. त्याऐवजी प्लग खोलून ऑइल काढावे आणि तेवढेच नवे भरावे, असे तीन खेपांत करावे. प्लग खोलल्यावर सुमारे २.४ लिटरच बाहेर येते, आणि गिअरबॉक्समध्ये एकूण जवळपास ६ लिटर असते. म्हणजे एका खेपेला ४० टक्के ऑइल नवे होते, दुसऱ्या खेपेनंतर ६४ टक्के आणि तिसऱ्या खेपेनंतर ७८ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक खेपेनंतर आठवडाभर गाडी चालवावी. आठ लिटर ऑइल पुरते. प्लगचा वॉशर दर वेळी नवा घालावा. प्लगच्या चुंबकावर करड्या-काळ्या मलमासारखा थर असतोच, त्याची धास्ती नको; बोटाला टोचेल असा चुरा निघाला तर मात्र पुढचा खर्च थांबवून गिअरबॉक्स तज्ज्ञाला दाखवावा. गिअरबॉक्स ‘बसण्या’ची गोष्ट बहुतेकदा अशा गाड्यांची असते, ज्यांत रेस वाढूनही वेग वाढत नव्हता, म्हणजे प्लेटा आधीच संपल्या होत्या आणि मालकाने शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलले. आपली गाडी अजून तशी घसरत नाही.

निघालेले ऑइल मोजल्याशिवाय नवे ओतू नये.

खंबाटकीकर

रविवारी पहिली खेप केली. लिटरच्या जुन्या बाटल्यांत मोजले, तर २.९ लिटर निघाले, म्हणजे ते अर्धा लिटर खरोखरच जादा होते. रंग चहाच्या चोथ्यासारखा होता, करपट वास मात्र नव्हता. चुंबकावर काजळासारखा मऊ थर होता, चुरा नव्हता. डिपस्टिकच्या भोकातून लांब नळीच्या नरसाळ्याने २.४ लिटर डीडब्ल्यू-१ भरले. त्यालाच वीस मिनिटे लागली. हिसका त्याच दिवशी गेला. थरथर अजून आहे, पण साताऱ्याला जाऊन येईपर्यंत दोनदाच जाणवली. दुसरी खेप पुढच्या रविवारी करतो.