ज्युडी डेंच दाखवायची तर नेमकं काय दाखवावं?

रंगपट_इंदूर: नमस्कार मंडळी. दोन अंकी नाटक बसवतोय. एकाच मुलीला दोन भूमिका आहेत, पहिल्या अंकात संस्थानची राणी आणि दुसऱ्यात साठीची स्वयंपाकीणबाई. प्रयोग रवींद्र नाट्यगृहात, तालमीला सहा आठवडे. मेकअप आणि साड्यांचं जमेल, पण तिची दोन्ही माणसं एकसारखी वाटतात. तिला ब्रिटिश अभिनेत्री ज्युडी डेंच दाखवावी म्हणतो. सगळं पाहायला वेळ नाही. काय दाखवू, आणि बघताना लक्ष कुठे ठेवायला सांगू?

विंगेतून: डेंचबाईंनी सिनेमात राणी व्हिक्टोरिया दोनदा केली आहे, १९९७च्या 'मिसेस ब्राउन'मध्ये आणि वीस वर्षांनी 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल'मध्ये. दोन्हीतली सुरुवातीची वीस-वीस मिनिटं आवाज बंद करून दाखवा. पहिलीत नवऱ्याच्या दुःखात गोठलेली बाई आहे, मान ताठ, हालचाल भोवतालच्यांनीच करायची. दुसरीत शरीर थकलंय पण भूक शाबूत आहे. मेजवानीत ती भराभर खाते आणि टेबलावरच पेंगते. राणी तीच, अभिनेत्री तीच, पण वजन वेगळ्या जागी गेलंय.

मुलीला वहीत तीनच गोष्टी लिहू द्या: वजन कुठे आहे, वळताना आधी डोळे वळतात की मान, आणि हात रिकामे असताना काय करतात. मग आपल्या दोन्ही भूमिकांसाठी हीच तीन उत्तरं ठरवायची. स्वयंपाकीण म्हटलं की सगळ्या जणी कंबरेत वाकतात. ते टाळा. तासन् तास ओट्याशी उभी राहणारी बाई वाकत नाही, एका पायावर भार टाकते आणि दर थोड्या वेळाने पाय बदलते. शालू पहिल्या दिवसापासून नेसवा, अगदी जुना चालेल. रंगीत तालमीला पहिल्यांदा नेसली की पदर सांभाळण्यातच राणी हरवते.

प्रॉम्प्टर: वरचं सगळं बरोबर, पण आवाज बंद करून डेंच बघणं म्हणजे जिलबी सोडून नुसते पोहे खाणं! दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांनी १९७६ साली इंग्लंडात स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस' या छोट्याशा नाट्यगृहात बसवलेला शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' शोधा. पुढे तो टीव्हीसाठी चित्रित झाला. मॅकबेथ इयन मॅकेलन, त्याची बायको लेडी मॅकबेथ डेंचबाई. नेपथ्य जवळजवळ नाहीच, बाई काळ्या साध्या कपड्यांत. झोपेत चालण्याच्या प्रवेशात संहितेत नुसतं 'ओ, ओ, ओ' आहे. बाई त्याचा एक लांब, बारीक, चढत जाणारा स्वर करतात. किंकाळी म्हणावी तर तोंडातून मोकळी सुटत नाही, उसासा म्हणावा तर थांबत नाही. एवढा श्वास कुठे भरला, ते शोधायला सांगा.

दुसरं, शेक्सपिअरची पद्यं बोलताना बाई ओळीचा शेवट पाडत नाहीत. आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'मी त्याला कधीच माफ...' इथपर्यंत आवाज खणखणीत आणि 'केलं नाही' घशात, की मागच्या रांगांना उलटाच अर्थ लागतो. उपाय: पंधरा दिवस प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द समोरच्या भिंतीवर फेकल्यासारखे म्हणायचे. सुरुवातीला हास्यास्पद वाटेल. नंतर जोर कमी करा, शेवट तसाच उभा राहतो.

तिसरी_घंटा: एक सावधगिरी. सिनेमातलं सूक्ष्म काम नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. पापणी हलल्याची नक्कल केली तर प्रेक्षकाला काहीच दिसणार नाही. घ्यायचा तो निर्णय. 'शेक्सपिअर इन लव्ह' (१९९८) मध्ये एलिझाबेथ राणी म्हणून त्या जेमतेम आठ मिनिटं दिसतात, तरी ऑस्कर मिळालं. शेवटी नाट्यगृहाबाहेर डबकं येतं. दरबारी पायघडीला झगे काढायला लागतात, पण उशीर होतो, आणि राणी तशीच चिखलातून पुढे जाते. पायाखाली बघत नाही, थांबत नाही. हे मागच्या रांगेलाही दिसतं. 'गोल्डनआय' या बाँडपटात जेम्स बाँडची वरिष्ठ म्हणून त्याला सुनावतानाही तसंच. उंची पाच फुटांच्या आसपास, समोर धिप्पाड माणूस, पण आवाज चढत नाही. तुमच्या राणीचा असा एक तरी क्षण ठरवा.

रंगपट_इंदूर: शेवट पाडण्याचं अगदी खरं. आमच्या मुलीच्या मराठीला हिंदीचा हेलही आहे, घरात मराठी आणि बाहेर हिंदी. तो काढू का?

प्रॉम्प्टर: राणीचा काढा, स्वयंपाकिणीचा राहू द्या. इंदुरात पिढ्यान् पिढ्या राबलेल्या बाईच्या बोलण्यात तो असणारच, आणि दोन माणसं आपोआप वेगळी होतील. डेंचबाईंनी 'फिलोमिना'त आयरिश बाई केली ती ऐका. विमानतळावरच्या गाडीत बसून ती कादंबरीचं कथानक सांगते. हेल आहे, पण तो मिरवत नाहीत.

काढायचा तर ऐकवून काढा. दृष्टी अधू झाल्यापासून डेंचबाई संवाद दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ करू लागल्या. तुम्ही तसं केलंत तर वाचणाऱ्याने सपाट वाचावं, भाव घालू नये, नाहीतर मुलगी तुमचेच चढउतार उचलेल आणि राणी दिग्दर्शकासारखी बोलेल. फोनवर राणीचे संवाद सपाट रेकॉर्ड करून द्या, प्रत्येक वाक्यामागे दोन वाक्यांची जागा रिकामी सोडून. एकदा ती मनात म्हणेल, एकदा मोठ्याने.